फळ्यावरचा ऑस्ट्रेलिया

अकोल्याच्या वक्तृत्व स्पर्धेत उत्स्फूर्त भाषणाच्या डब्यात हात घातला, तेव्हा रागिणीला हवी होती 'माझी आई'. नाहीच तर 'मोबाइल : शाप की वरदान'. निघाली 'ऑस्ट्रेलियाची अर्थव्यवस्था'. त्या देशाबद्दल तिला दोनच गोष्टी ठाऊक होत्या, क्रिकेट आणि कांगारू. अर्थव्यवस्थेत क्रिकेट बसवणं जड गेलं असतं, म्हणून तिनं कांगारू घेतला. "ज्या देशाच्या राष्ट्रीय प्राण्याच्या पोटालाच पिशवी आहे," ती माइकला म्हणाली, "त्या देशाच्या रक्तातच बचत आहे!" परीक्षकांना ऑस्ट्रेलियाबद्दल तिसरी गोष्ट ठाऊक नसावी. पहिला नंबर आला.

ढाल मांडीवर घेऊन एसटीनं परत येताना मूर्तिजापूर येईस्तोवर ती ऑस्ट्रेलियाची अभ्यासक झाली होती आणि बडनेरा येईस्तोवर तज्ज्ञ. अमरावतीच्या स्टँडवर उतरली तेव्हा तर रिक्षावाल्यानं विचारलं असतं तर तिनं त्याला तिथल्या महागाईवर दोन शब्द सुनावले असते. त्यानं विचारलं नाही. थोर माणसांच्या वाट्याला हे येतंच.

एकदा तज्ज्ञ झाल्यावर अभ्यास करणं तसं कमीपणाचं. पण रागिणी प्रामाणिक मुलगी होती, तिनं उलट्या क्रमानं का होईना पण केला. आईच्या फोनवर ती रोज तिकडच्या बातम्या वाचू लागली आणि तिला तो देश भयंकर आवडला. भांडणं सगळी आपल्यासारखीच, घर महाग, किराणा महाग, वीज कशापासून करायची, बाहेरून आलेल्या माणसांना किती जागा द्यायची. पण प्रत्येक भांडणाला आकडेवारी. आपल्याकडे दोन माणसं नळावर भांडतात तेव्हा कोणी गेल्या तिमाहीचा आकडा सांगत नाही, ही उणीव तिला फार जाणवू लागली. अकरावीची पहिली चाचणी जवळ होती ती गोष्ट मात्र तितकी जाणवत नव्हती.

आता एवढं ज्ञान पोटात ठेवून माणसानं करायचं काय? तिच्या पोटाला तर पिशवीही नव्हती.

सहजीवन कॉलनीच्या फाटकाशी एक काळा फळा आहे. त्याच्यावर रोज सुविचार लिहायचं काम, अक्षर चांगलं म्हणून, रागिणीकडे होतं. कॉलनीचे अध्यक्ष भगवंतराव. शेती खात्यातून गॅझेटेड ऑफिसर म्हणून रिटायर झालेले, वरूडकडे संत्र्याचा बगिचा, मुलगा बंडू 'बाहेर' असतो. बाहेर म्हणजे कोणी अमेरिका म्हणे, कोणी दुबई. भगवंतराव स्वतः त्यावर बोलत नसत आणि त्यांना विचारायची कोणाची हिंमत नसे. रिटायर होऊनही त्यांच्या खिशाला हिरव्या शाईचा पेन असे. दुधवाल्याचं कॅलेंडरसुद्धा ते हिरव्या शाईनं भरत. फळा रागिणीच्या हाती देताना त्यांनी एकच अट घातली होती, राजकारण लिहायचं नाही.

रागिणीनं विचार केला, ऑस्ट्रेलिया हे काही राजकारण नाही. ऑस्ट्रेलिया हा भूगोल आहे. आणि दुसऱ्या दिवशी सुविचाराच्या जागी आलं 'ऑस्ट्रेलिया वार्ता आणि आमचं मत'.

पहिलं मत होतं, तिकडच्या निवडणुकीत विरोधी पक्षाचा नेता स्वतःच्याच जागेवर पडला यावर. रागिणीनं लिहिलं, 'ज्याला स्वतःची गल्ली राखता येत नाही, त्यानं देशाच्या गोष्टी सांगू नयेत.' वाक्य तिला इतकं आवडलं की तिनं खाली दोनदा रेघ मारली.

संध्याकाळी खुशालराव घरी आले. खुशालराव म्हणजे कॉलनीतला कायमचा विरोध. टाकीला पांढरा रंग दिला तरी विरोध, निळा दिला तरी विरोध. मागच्या कमिटीत ते आपल्या गल्लीतून सदस्य म्हणून उभे राहिले होते आणि त्यांच्या गल्लीनं त्यांना पाडलं होतं. ते बाबांसमोर बसले, चहाला नाही म्हणाले, मग घेतला, आणि दुखावलेल्या आवाजात म्हणाले की पोरगी हुशार आहे, पण जखमेवर मीठ चोळायला फळाच भेटला का तिला. रागिणीनं जीव तोडून सांगितलं की तो माणूस ऑस्ट्रेलियातला आहे. खुशालराव कडू हसले. "बाई, आमी काय दूध पेतो काय? नाव ऑस्ट्रेलियाचं, अन् गल्ली माही."

मग सुरूच झालं. तिनं लिहिलं की तिकडे दोन बड्या दुकानांच्या हातात सगळा किराणा आहे आणि त्यांच्या भावांची सरकारनं चौकशी केली. कॉलनीत किराण्याची दुकानं बरोबर दोन, एक जहीरभाईंचं आणि दुसरं चंद्रभानचं. दुसऱ्या दिवशी रागिणी हळद आणायला गेली तर जहीरभाईंनी तराजू बाजूला ठेवून विचारलं, "बेटा, हमने तुमारा क्या बिगाडा?" आणि तेलाचा भाव होलसेलमध्येच कसा चढला, हे गिऱ्हाइकं थांबवून सगळं समजावून सांगितलं. चंद्रभाननं काही विचारलं नाही, मुकाट्यानं भाव उतरवले. त्यामुळे आता जहीरभाई आणखीच दुखावले.

भाड्यानं दिलेल्या घरावर तोटा दाखवला की तिकडे पगारावरचा टॅक्स कमी होतो आणि त्यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे, हे लिहिलं त्या दिवशी कॉलनीतल्या तीन घरमालकांनी तिच्या आईशी बोलणं बंद केलं. भाडेकरूंनी मात्र घरी आलुबोंडे पाठवले. आईचं म्हणणं पडलं की मैत्रिणी आणि आलुबोंडे हा सौदा तोट्याचा आहे. रागिणीनं विचारलं, तोटा टॅक्समध्ये दाखवता येतो का बघू? त्यावर आई जे म्हणाली ते फळ्यावर लिहिण्याजोगं नव्हतं.

"तू लिहून राहिली ऑस्ट्रेलिया," तिची मैत्रीण अफिफा म्हणाली, "अन् लोक वाचून राहिले कॉलनी. बंद कर न बाई."

पण रागिणी कशाला बंद करते. आयुष्यात पहिल्यांदा मोठी माणसं तिच्याकडे बघून वाट सोडत होती. ती त्याला प्रभाव समजत होती.

भगवंतराव एवढे एकच होते जे काही बोलत नसत. रोज सकाळी फिरायला जाताना ते फळ्यासमोर थांबत, चष्मा पुसत, वरपासून खालपर्यंत वाचत आणि चालू लागत. रागिणीला खात्री होती की ते पुरावा गोळा करून राहिले आहेत. एकदा तर तिनं लिहिलं की तिकडची रिझर्व्ह बँक उद्या व्याजदर कमी करणार म्हणजे करणारच, आणि बँकेनं केला नाही. जगातले मोठमोठे लोकही त्या दिवशी चुकले होते, पण ते काही सहजीवन कॉलनीत राहत नव्हते. सकाळी भगवंतराव फळ्यासमोर उभेच.

"तू तं लिहिलं होतं, कमी होईन म्हणून?"

"तज्ज्ञांचेही अंदाज चुकतात, काकाजी," रागिणी शक्य तितक्या तज्ज्ञ आवाजात म्हणाली.

भगवंतरावांनी नुसतं 'हं' केलं आणि फिरायला न जाता घरात परत गेले. ते 'हं' रागिणीला दिवसभर टोचलं. एक अंदाज चुकला तर माणसानं इतकं मनाला लावून घ्यावं? तेही दुसऱ्याचा?

आता खरी अडचण इथून पुढे. कॉलनीच्या समाजमंदिरावर एक खोली आहे. तिथे रागिणी, अफिफा आणि आणखी काही मुली संध्याकाळी अभ्यासाला बसतात, कारण घरी एका भिंतीला टीव्ही असतो आणि दुसऱ्या भिंतीला पाहुणे. अफिफाच्या घरी तर ती सोडून सगळी भावंडं लहान आणि आवाज मोठे. खोली गेली तर तिची बारावी गेली, हे ती गंमतीतही म्हणत नसे, इतकं खरं होतं. आणि भगवंतरावांनी ठरवलं होतं की ती खोली मंडपवाल्याला खुर्च्या ठेवायला द्यायची. येणाऱ्या भाड्यात टाकीची दुरुस्ती होईल. ऑगस्टच्या वार्षिक सभेनंतर किल्ली मंडपवाल्याकडे जाणार होती. म्हणजे अध्यक्ष भगवंतराव असले तर. आणि ते असणारच होते, कारण सहजीवन कॉलनीच्या अध्यक्षाची निवडणूक दर वेळी बिनविरोध होते. त्याचा कॉलनीला इतका अभिमान आहे की फाटकावर पाटीच आहे.

रागिणीनं फळ्यावर लिहिलं, 'ऑस्ट्रेलियात दर तीन वर्षांनी सरकारला जनतेसमोर जावंच लागतं. आमचं मत : ज्याला कोणी विरोध करत नाही, त्याला कोणी निवडलंही नाही.' दुपारपर्यंत खुशालरावांनी अर्ज भरला. संध्याकाळी मुली अनीसा मॅडमकडे गेल्या. अफिफाच्या मावशी, कॉलनीतल्याच, उर्दू शाळेच्या रिटायर हेडमिस्ट्रेस. त्यांनी मुलींना अर्धा तास उभं ठेवलं, खोलीत रोज झाडू कोण मारतं ते विचारलं, आणि उत्तर समाधानकारक वाटल्यावर निवडणुकीला उभं राहायला हो म्हणाल्या.

तिघं उभे. रागिणीनं हिशेब मांडला. भगवंतरावांची माणसं पक्की. बाकीची मतं खुशालराव आणि मॅडम यांच्यात फुटणार आणि भगवंतराव निवडून येणार. उपाय ऑस्ट्रेलियात होता. तिथे एकाच नावावर शिक्का मारत नाहीत; सगळ्या उमेदवारांना पसंतीचे क्रमांक देतात, एक, दोन, तीन. ज्याला सगळ्यात कमी मतं तो बाद, आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला. खुशालराववाले दुसरी पसंती मॅडमना देणार, आणि खोली वाचणार. तिनं रात्रभर खपून फळाभर ती पद्धत समजावली, बाण काढून. हा एकच लेख असा होता जो ऑस्ट्रेलियाबद्दल नव्हताच, सरळ कॉलनीबद्दल होता. आणि नेमका तोच लोकांनी ऑस्ट्रेलियाबद्दल आहे असं समजून वाचला नाही.

एकानं वाचला. भगवंतरावांनी तिला घरी बोलावलं. रागिणी बाबांना सोबत घेऊन गेली, अफिफाला फाटकाशी उभं केलं, आणि मनातल्या मनात फळ्याचा राजीनामाही तयार ठेवला.

"ही पद्धत न्यायाची आहे," भगवंतराव म्हणाले. "अवंदा अशीच करू. मतमोजणी तुह्याकडे."

रागिणीला यात डाव दिसला, पण कुठे आहे ते दिसेना. तोंडाला आलं ते तिनं मागून घेतलं : मतदान सक्तीचं, जो येणार नाही त्याचं नाव फळ्यावर, आणि तिकडे मतदान केंद्राबाहेर लोकांना खायला काहीतरी भाजून विकतात, तसं इकडेही हवं. भगवंतराव म्हणाले, भाजणं राहू दे, कॉलनीतल्या मनकर्णाबाईंना दह्यातला गिला वडा सांगू.

सभेला कॉलनी लोटली. लोकशाहीसाठी किती आणि मनकर्णाबाईंच्या वड्यासाठी किती, याची आकडेवारी दुर्दैवानं उपलब्ध नाही. रागिणीनं माइक हातात घेतला. समजा, ती म्हणाली, तुमच्यासमोर संत्रं, पेरू आणि केळं आहे. सगळ्यात आवडीचं त्याला एक नंबर द्या, त्याहून कमी आवडीचं त्याला दोन.

"मले शुगर आहे, पोरी," मनकर्णाबाई मधूनच म्हणाल्या. "मी केळं खातच नाही."

मग खुशालरावांनी विचारलं, केळं म्हणजे कोण? त्यावर जरा गडबड झाली. शेवटी सगळ्यांनी समजलं समजलं म्हणून माना डोलावल्या. त्या माना बघून रागिणीला अकोल्याचे परीक्षक आठवायला हवे होते. आठवले नाहीत.

तिन्ही उमेदवार स्टेजवर खुर्च्या टाकून बसले होते. लोक वडा खात, दह्याचे हात रुमालाला पुसत, चिठ्ठी भरून डब्यात टाकत आणि जाताना तिघांना नमस्कार करत होते. किती सुसंस्कृत मतदान, रागिणीला भरून आलं. मग तिनं डबा उघडला.

पहिली चिठ्ठी : भगवंतराव १, खुशालराव १, अनीसा मॅडम १.

तिला वाटलं, एखादं माणूस चुकतं. दुसरी चिठ्ठी काढली. एक, एक, एक. तिसरी, चटणीचा डाग, एक, एक, एक. ती भराभर काढत गेली. जहीरभाईंनी आकड्यांच्या भानगडीत न पडता लिहिलं होतं, 'सब अच्छे हैं'. चंद्रभाननं तिघांपुढे बरोबरची खूण केली होती. खुशालरावांची चिठ्ठी अक्षर न बघताही ओळखू आली : स्वतःला एक, इतरांना फुली. अनीसा मॅडमनी सवयीनं गुण दिले होते, भगवंतराव दहापैकी सहा, खुशालराव दहापैकी चार, स्वतः गैरहजर. आणि एका चिठ्ठीवर आईच्या ओळखीच्या वळणात एक, एक, एक.

"आई, तू पण?" माइक चालू होता हे रागिणीला बोलल्यावर कळलं.

मनकर्णाबाईंनी सगळ्यांच्या वतीनं उत्तर दिलं. "काहून चिडते पोरी? तिघंही समोर बसून राहिले. कोणाले दुसरा म्हणू अन् कोणाले तिसरा? रोज तोंडं पाहा लागते एकमेकाची."

साऱ्या कॉलनीनं मान डोलावली, आणि या वेळी खरोखर समजून.

नियमाप्रमाणे ही सगळी मतं बाद होती. रागिणी डब्याच्या तळाशी पोचली तेव्हा तिला एकच गोष्ट हवी होती, जमीन फाटावी. पण समाजमंदिराची फरशी मजबूत होती. अफिफा मागच्या ओळीत वह्यांची पिशवी छातीशी धरून उभी होती. निवडणूक रद्द म्हणजे जुनी कमिटी चालू, जुनी कमिटी चालू म्हणजे खोलीत खुर्च्या. खोली वाचवायला निघालेल्या तज्ज्ञानं स्वतःच्या हातानं ती घालवली होती, बाण काढून.

तळाशी एक चिठ्ठी उरली होती. नीट चौघडी घातलेली, डाग नाही. अनीसा मॅडम १. खुशालराव २. भगवंतराव ३.

हिरव्या शाईत.

रागिणीनं ती वाचली, मग दाखवली. शाई शेवटच्या ओळीतूनही दिसत होती. सगळे स्टेजकडे पाहू लागले.

"बरोबर हाये न पद्धत?" भगवंतरावांनी विचारलं.

"हो, काकाजी. एवढीच बरोबर आहे."

"मंग निकाल सांग."

खुशालराव उठून म्हणाले, एका मतावर कधी अध्यक्ष होतो काय? भगवंतरावांनी त्यांना हातानं बसवलं. पद्धत मान्य केली की निकालही मान्य करा लागते, म्हणाले. मग स्वतःला तीन नंबर का दिला, असं कोणी विचारण्याआधीच खाली बघून पुटपुटले, "सोताच्या हातानं सोताले पयला कसा लिहू? शरम वाटते माणसाले." आणि खिशातून किल्ली काढून अनीसा मॅडमसमोर ठेवली. मॅडमनी ती घेतली, मुलींकडे बघितलं आणि विचारलं, उद्या झाडूची पाळी कोणाची?

खोली वाचली. रागिणीची अब्रू मात्र वाचली नाही. दोन दिवस पोरं तिला बघितलं की एक बोट वर करत, मग दुसऱ्या हाताचं एक, मग पाय उचलून तिसरं दाखवायचा प्रयत्न करत. तिनं ऑस्ट्रेलियाचा त्याग केला. तिसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर लिहिलं, 'मौन हे सर्वश्रेष्ठ भाषण आहे', आणि खडूचे हात झटकून वळली तर मागे भगवंतराव. ते सुविचार वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी फळ्याच्या मागे डोकावून पाहिलं.

"काल तिकडं बँकेची मीटिंग होती न?"

रागिणीला माहीत होतं. त्याग केला असला तरी बातमी बघितली होती. "हो. कमी केला व्याजदर. पाव टक्का."

"नक्की? मागच्या खेपेसारखं नाही न?"

"नक्की, काकाजी. या वेळी झाल्यावर सांगते आहे."

भगवंतराव फाटकाचा दांडा धरून म्हणाले, "बंडूनं घर घेतलं तिथं. मेलबर्नले. हप्ता भल्ला मोठा आहे म्हणते त्याची बायको. तो काही सांगत नाही. फोन केला का 'बरं आहे बाबा' म्हणते अन् ठेवते. मंग मी खाली येतो, तुहा फळा वाचतो."

ऑस्ट्रेलियाच्या प्रत्येक राज्याची राजधानी, तिथल्या किराण्याचे भाव, घरांवरच्या टॅक्सचा वाद, सगळं पाठ असलेल्या रागिणीला समोरच्या घरातला ऑस्ट्रेलिया माहीत नव्हता. ढाल मिळाली तेव्हाही तिला आत्ताइतकं काही वाटलं नव्हतं. तिचा ऑस्ट्रेलिया ऑस्ट्रेलिया म्हणून वाचणारा माणूस पहिल्या दिवसापासून एकच होता, आणि तिनं त्यालाच पाडलं होतं. म्हणजे खरं तर त्यानं स्वतःच, स्वतःच्याच मतानं.

तिनं डस्टर घेतलं आणि मौन पुसून टाकलं. मोठ्या अक्षरात लिहिलं, 'ऑस्ट्रेलियात व्याजदर कमी. घराचे हप्ते हलके होणार.' मग जरा थांबून 'आमचं मत' असं लिहिलं, त्यापुढे काय लिहावं सुचेना, म्हणून तेवढंच ठेवलं. भगवंतरावांनी चष्मा पुसून ते वरपासून खालपर्यंत वाचलं आणि फिरायला गेले.

ते वळणाआड जातात न जातात तो खुशालराव दुधाची पिशवी घेऊन आले, फळ्यासमोर थांबले, इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "काय हो बाई, हप्ते हलके म्हणजे... आपला मेंटेनन्स कमी करून राहिल्या काय अनीसा मॅडम?"